गाळा विकायला निघालो आणि १,९७,१०० रुपये देऊन बसलो

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो कागदावर लिहायला मला चार महिने लागले. एक लाख सत्त्याण्णव हजार शंभर रुपये. ते कोणी माझ्या हातातून हिसकावले नाहीत. सहा वेळा, सहा वेगवेगळ्या कारणांसाठी, मी स्वतः बँकेत जाऊन भरले आणि प्रत्येक वेळी पावती जपून फाइलला लावली. माझ्या थोरल्या भावाने हे ऐकल्यावर एवढेच विचारले, "अरे, तुला कळलं कसं नाही?" या प्रश्नाचे खरे उत्तर मला द्यायचे आहे. ज्याच्याकडे न विकला जाणारा गाळा आहे आणि हातात बँकेची नोटीस आहे, अशाच माणसाला ही फसवणारी मंडळी शोधत असतात, म्हणून हे लिहितो.

सांगलीत मारुती चौकापासून चालत पाच मिनिटांवर एका व्यापारी संकुलाच्या तळघरात माझा ३४० चौरस फुटांचा गाळा आहे. तिथे मी २७ वर्षे छापखाना चालवला. लग्नपत्रिका, हँडबिले, मार्केट यार्डातील अडत्यांची पट्टीपुस्तके आणि पावतीपुस्तके ही माझी रोजीरोटी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ४५ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर असलेल्या त्या पाण्यात माझे ऑफसेट मशीन आठ दिवस बुडून होते. गाळा तारण ठेवून मी ९,००,००० रुपये कर्ज काढले आणि जुने मशीन घेतले. पुढच्या वर्षी टाळेबंदीत लग्नपत्रिकांचा हंगाम बुडाला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्यानंतर हप्ते थकत गेले ते थकतच गेले.

१७ सप्टेंबर २०२४ ची बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. येणे ६,८४,००० रुपये होते, त्यांपैकी थकलेले हप्ते १,८६,४०० रुपयांचे. हा दुसरा आकडा कृपया लक्षात ठेवावा. शाखाधिकारी तेव्हाच म्हणाले होते की थकलेली रक्कम पूर्ण भरली तर खाते पुन्हा नियमित करता येईल. एकदम एवढे पैसे माझ्याकडे नव्हते, म्हणून मी गाळा विकून मोकळे व्हायचे ठरवले.

खरे तर दोन वर्षांपासून मी विकण्याच्या खटपटीत होतो. इथल्या एका जुन्या एजंटाने मला तोंडावर सांगितले होते, "पाण्यातला गाळा, त्यात तळघर. बारा-तेरा लाख आले तर नशीब समजा." मला त्याचा राग आला आणि मी त्याच्याकडे जाणे सोडले. आज आठवते की त्या माणसाने माझ्याकडून कधी एक रुपया मागितला नाही. धंद्यातला एजंट व्यवहार झाल्यावर दलाली घेतो. आधी "नोंदणी" मागणारा एजंट नसतो.

मी इंटरनेटवर २४,००,००० रुपयांची जाहिरात टाकली आणि आठवडाभरात एका मुलीचा फोन आला. पुण्यातील एका सल्लागार कंपनीतून बोलत असल्याचे तिने सांगितले. औषधांचे वितरण करणारी एक पार्टी सांगलीत जागा शोधत आहे आणि तिला माझा गाळा पसंत आहे, असे ती म्हणाली. मी किंमत सांगितली, तिने ती जशीच्या तशी मान्य केली. सांगलीत कांद्याच्या पाटीलासुद्धा घासाघीस होते, हे मला माहीत आहे. दुसऱ्या फोनपासून ती मला "काका" म्हणू लागली. माझ्या पत्नीच्या गुडघ्याची चौकशीही करायची, कारण बोलण्याच्या ओघात मीच ते सांगितले होते.

१४ ऑक्टोबरला नोंदणी शुल्क म्हणून मी ५,९०० रुपये भरले. २३ ऑक्टोबरला मूल्यांकन अहवालासाठी १७,७०० रुपये गेले आणि दिवाळी झाल्यावर, ६ नोव्हेंबरला, सर्च रिपोर्टसाठी २९,५०० रुपये. तिन्ही रकमांत १८ टक्के जीएसटी चोख धरलेला होता, आणि त्या चोखपणामुळेच मला विश्वास वाटला. सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या कागदपत्रांचा शोध, गाळा विकत घेणारा करवतो, तेही त्याच्या वकिलाकडून, आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचे गोषवारे, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हते असे नाही. विचारले तेव्हा "पार्टी कॉर्पोरेट आहे, काका, त्यांची पद्धत वेगळी असते" असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले.

आता ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, त्याबद्दल. तो एक नव्हता, दोन होते.

पहिला त्या मूल्यांकन अहवालाचा. गाळा पाहायला कोणीही आले नव्हते. कुलूप माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. तरी बावीस पानांचा अहवाल आला, त्यात माझ्याच जाहिरातीतील छायाचित्रे होती आणि जागेचे वर्णन "सुस्थितीतील तळमजला" असे होते. तळघराचा उल्लेख नव्हता, पुराचा नव्हता, पूररेषेचा तर नव्हताच. मी तो अहवाल रात्री दोनदा वाचला. यांनी जागा पाहिलेली नाही, हे मला तेव्हाच कळले होते. पण माझ्या मनात आलेला विचार हा नव्हता की हे लोक खोटे आहेत. माझ्या मनात आले की यांना पुराचे ठाऊक नाही, तर आपण कशाला सांगा. मी गप्प बसलो. घेणाऱ्याला तळघराचे सांगायला हवे होते, हे मला समजत होते. समोरच्याला अंधारात ठेवून आपला व्यवहार उरकतो आहे अशा समजुतीत मी होतो, म्हणून त्यांना एकही नेमका प्रश्न विचारू शकलो नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे वगळले तर बाकी सगळे अर्धवट राहील.

दुसरा क्षण पावत्यांचा. मी आयुष्यभर पावतीपुस्तके छापली, नंबरिंग केले, हजारो पुस्तके बांधून दिली. तिसरी पावती आली तेव्हा तिन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. क्रमांक होते ३११, ३१२ आणि ३१३. तेवीस दिवसांत त्या कंपनीने माझ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही पावती फाडलेली नव्हती. शिवाय तिन्हींवरचा गोल शिक्का एकाच कोनात तिरका होता आणि सहीच्या शेवटच्या अक्षराला एकाच ठिकाणी चिकटला होता. हाताने मारलेला शिक्का असा तीन वेळा बसत नाही, तो चित्र म्हणून छापलेला असतो. मी फोन केला. ती म्हणाली, "काका, प्रत्येक फाइलचं स्वतंत्र पुस्तक असतं." सत्तावीस वर्षांत असे पुस्तक कोणीही माझ्याकडून छापून घेतले नव्हते. तरीही मी "बरं" म्हणालो, कारण तोपर्यंत ५३,१०० रुपये गेले होते आणि ते गेले असे मान्य करण्यापेक्षा तिचे उत्तर मान्य करणे सोपे होते. बँकेची साठ दिवसांची मुदत दहा दिवसांवर आली होती. माझ्या जागी बसून ज्यांना विचार करायचा आहे त्यांनी तेही ध्यानात घ्यावे.

त्यानंतरच्या रकमा मोठ्या आहेत. १९ नोव्हेंबरला, म्हणजे विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, परत मिळणारी सुरक्षा ठेव म्हणून किमतीच्या दोन टक्के, ४८,००० रुपये. हे भरले की टोकनचे २,४०,००० रुपये त्याच दिवशी येणार होते. आले नाहीत, आचारसंहितेमुळे मोठी रक्कम हलवता येत नाही असे सांगण्यात आले. आचारसंहितेत तपासणी होते ती गाडीतून नेलेल्या रोकडीची, खात्यातून खात्यात जाणारा पैसा त्यामुळे अडत नाही. २ डिसेंबरला टीडीएसचे २४,००० रुपये. मालमत्तेच्या व्यवहारातला हा कर घेणारा कापतो आणि तोही किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तरच. माझा व्यवहार त्याच्या निम्म्याचाही नव्हता. ११ डिसेंबरला त्यांनी सहा टक्क्यांचा हिशेब मांडून मुद्रांक शुल्काचा माझा निम्मा वाटा म्हणून ७२,००० रुपये घेतले. मुद्रांक शुल्क सहसा घेणारा भरतो, ते ग्रास या शासकीय ऑनलाइन प्रणालीतून थेट शासनाकडे जमा होते आणि त्याचे चलन निघते. कोणा कंपनीच्या चालू खात्यात भरलेला पैसा मुद्रांक शुल्क असूच शकत नाही.

हे पैसे आले कुठून, तेही सांगतो. पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून ८०,००० रुपये उचलले. कटिंग मशीन ३५,००० रुपयांना विकले. मेहुण्यांकडून ४०,००० घेतले आणि त्यांना कारण खोटे सांगितले. उरलेले घरातले होते. माझा मुलगा चाकणला नोकरीला आहे. त्याला एक फोन केला असता तर तो सुटीच्या दिवशी त्या पत्त्यावर जाऊन आला असता. मी त्याला कळू दिले नाही. बापाने मुलाला कर्जाची झळ लागू देऊ नये, असे मला वाटत होते.

१८ डिसेंबरला खरेदीखत ठरले होते. आम्ही दोघे सकाळी साडेदहाला दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसलो. दुपारी एकनंतर फोन बंद झाला. पाच वाजता शिपाई खुर्च्या आवरू लागला, तेव्हा पत्नी म्हणाली, "चला आता, अहो." रिक्षात ती एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा त्या पत्त्यावर गेला. तिथे दातांचा दवाखाना आहे आणि तो अकरा वर्षांपासून आहे. पावतीवरचा जीएसटी क्रमांक त्याने फोनवर दोन मिनिटांत तपासला. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या क्रमांकाने सुरू होत होता आणि दुसऱ्याच कोणाचा होता. ही दोन मिनिटे मी ऑक्टोबरमध्ये काढली नाहीत. तुम्ही काढा.

पोलिसांचा अनुभव लिहायलाच हवा. ठाण्याचे नाव लिहीत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचे आहे. २० डिसेंबरला पहिल्यांदा गेलो तेव्हा हा पैशाच्या देवघेवीचा दिवाणी मामला आहे असे सांगण्यात आले. दुसऱ्यांदा, फोनवर झाले म्हणून सायबरकडे जा, असे सांगितले. सायबरवाल्यांनी पावत्या पाहिल्या आणि तुम्ही स्वतः बँकेत जाऊन भरले आहेत, तुमच्या ठाण्यात जा, म्हणून परत पाठवले. तिसऱ्यांदा, कंपनी पुण्याची आहे तर तक्रार पुण्यात द्या, असे ऐकावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी असे कलम १७३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मी त्याची छापील प्रत नेली होती. अंमलदारांनी ती वाचली नाही, उलट "तुम्ही वकील आहात का?" असे विचारले. मी छापखानेवाला आहे, पण मला वाचता येते. चौथ्या फेरीला अर्ज घेतला, गुन्हा नाही. वरिष्ठ कार्यालयात निवेदन दिले, तर ते "योग्य त्या कार्यवाहीसाठी" त्याच ठाण्याकडे आले आणि त्याच टेबलावर त्याच माणसासमोर मी पुन्हा उभा राहिलो. प्रत्येक फेरीत मला तेच विचारले गेले की तुम्ही पैसे दिलेच कशाला. पैसे घेणाऱ्याचे खाते कोणाच्या नावावर आहे, हे शोधण्याची घाई कोणालाही नव्हती. ज्या बँकेत ते खाते आहे तिने गोपनीयतेचे कारण सांगून मला दारातूनच परत पाठवले. माझी थकबाकी मात्र माझ्या बँकेने गाळ्याच्या शटरवर जाहीर चिकटवली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर मी शेवटची रक्कम भरल्यानंतर नऊ दिवसांनी फोन केला. तोपर्यंत खात्यात काही उरले नव्हते. संशय आला त्याच तासाला हा क्रमांक फिरवा, घरच्यांना सांगण्याची वाट पाहू नका, शरमेने रात्र काढू नका. मी शरमेने दोन रात्री काढल्या.

मी त्यांना दिलेले १,९७,१०० आणि बँकेचे थकलेले १,८६,४००. पाटल्या गहाण टाकायच्याच होत्या, मेहुण्यांकडे हात पसरायचाच होता, तर तो पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बँकेत भरता आला असता, आणि विकायची घाईच उरली नसती. हा हिशेब पत्नीने मांडला, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला, आणि माझ्यासमोर ठेवला.

गाळा अजून तसाच आहे. त्या जुन्या एजंटाकडे मी फेब्रुवारीत गेलो. त्याने मागचे काही काढले नाही, साडेअकरा लाखांचे एक गिऱ्हाईक दाखवले, आणि या वेळी तळघराचे व पुराचे मी स्वतः आधी सांगितले. बोलणी चालू आहेत.

गेल्या आठवड्यात एका नव्या नंबरवरून फोन आला. त्या कंपनीत अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइलचे फक्त ३,५४० रुपये लागतील, असे तो माणूस म्हणाला. म्हणजे तीन हजार आणि त्यावर १८ टक्के. माझे नाव, गाळ्याचा पत्ता आणि मी भरलेली नेमकी रक्कम त्याला माहीत होती. मी तो नंबर लिहून घेतला आणि त्याच दुपारी ठाण्यात नेऊन दिला. अंमलदारांनी कागद घेतला. पोच मागितली, तर उद्या या म्हणाले.