आधी फक्त क्लास 2, की फी भरण्याआधी क्लास 1 सुद्धा?

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, काढायचा तर क्लास 2 आणि क्लास 1 अशा दोन्ही वैद्यकीय तपासण्या (मेडिकल) लागतात, आणि क्लास 2 झाल्याशिवाय क्लास 1 कडे जाता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रश्न पुढचा आहे. क्लास 2 हातात आलं की एसपीएल (शिकाऊ वैमानिकाचा परवाना) काढून उडायला लागायचं आणि क्लास 1 सवडीने करायचं, की फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधीच दोन्ही करून मोकळं व्हायचं? मी पहिला मार्ग धरला होता. माझ्या मावसभावाला मात्र दुसरा धरायला लावला.

पहिल्या मार्गाची सोय खरी आहे. क्लास 2 चे डॉक्टर मोठ्या शहरांत मिळतात आणि ईसीजी, एक्स-रे, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), रक्त-लघवी हे सगळं एक-दोन दिवसांत आटोपतं. क्लास 1 ची पहिली तपासणी म्हणजे बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनसारखं हवाई दलाचं केंद्र किंवा डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) नेमलेलं एखादं रुग्णालय. तिथली तारीख मिळायला थांबावं लागतं, शिवाय प्रवास आणि मुक्काम आलाच. त्यात चाळिशीच्या आतल्यांना क्लास 1 बाराच महिने चालतं. सीपीएलला लागणारे उड्डाणाचे 200 तास पुरे व्हायला दीड-दोन वर्षं लागली, तर मध्ये रिन्यूअल करावंच लागतं. लवकर केलेलं मेडिकल वाया जातं असं अनेकजण म्हणतात, ते काही अगदीच चूक नाही.

पण माझं घोडं अडलं ते जुन्या कागदांवर. सातवीत असताना माझं कोपराचं हाड मोडलं होतं, तारा घालून बसवलं आणि वर्षभराने त्या काढल्या. क्लास 2 च्या डॉक्टरांनी व्रण पाहिला, हात वाकवून बघितला, नोंद केली आणि पुढे गेले. क्लास 1 ला त्याच नोंदीवर बोट ठेवून विचारलं, ऑपरेशनचे कागद कुठे आहेत? नवा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञाचं मत तर हवंच, पण मूळ डिस्चार्ज कार्डही हवं. तोवर ‘तात्पुरते अनफिट’.

तेव्हा माझे 62 तास झाले होते आणि सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्याने लांबची उड्डाणं, सुरू झाली होती. प्रशिक्षकांनी त्याच दिवशी उड्डाण थांबवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, तिथे इतकी जुनी नोंद ठेवत नाहीत असं उत्तर मिळालं. तीन खेपा झाल्या. शेवटी आईने रेशनकार्डाच्या पिशवीतून ते कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, शाई उडालेली, पण सर्जनचा शिक्का वाचता येत होता. या सगळ्यात अकरा आठवडे गेले. परत उडायला लागलो तेव्हा लँडिंगचा हात गेला होता. सोलोला सोडण्याआधी पुन्हा प्रशिक्षकांसोबत सर्किट्स (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारावी लागली, आणि ते तास पदरचे.

हेच कागद फी भरण्याआधी शोधले असते, तर अकरा आठवडे घरी बसून गेले असते, इतकंच. तास बुडाले नसते, हात गेला नसता. रिन्यूअलच्या खर्चापेक्षा मला हे फार जड वाटतं.

एकट्याच्या अनुभवावरून सरसकट सांगू नये, हे मान्य. होस्टेलवरच्या माझ्या दोन मित्रांनी क्लास 1 अगदी शेवटी केलं आणि दोघांचंही विनासायास झालं. पण दोघांनाही ना चष्मा, ना जुनं ऑपरेशन. तुमचं लहानपणीचं काही असेल, कानाचं, दम्याचं, हाडाचं, किंवा इशिहाराच्या (रंग ओळखण्याच्या चाचणीच्या) ठिपक्यांत आकडा शोधताना अडखळायला होत असेल, तर मला वाटतं फी भरण्याआधी क्लास 1 सुद्धा कराच. फक्त पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) हवं असेल, तर मात्र हा प्रश्नच येत नाही. क्लास 2 पुरतं.

एक गोष्ट दोन्ही मार्गांना लागू. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने. ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) प्रोफाइल उघडण्याआधी दोन्ही समोर ठेवा आणि नाव सगळीकडे एकसारखं लिहा.

मावसभावाच्या टॉन्सिल्सच्या ऑपरेशनचं कार्ड आम्ही क्लास 2 च्या आधीच शोधून ठेवलं. क्लास 1 ला त्याने ते विचारण्याआधीच पुढे केलं. फिट आल्यावर आठवड्याभराने त्याने फी भरली.