डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवर लेझर केलं, सहा महिन्यांनंतर सांगते

आर्वीकडच्या खेड्यात राहते, वय 47, जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वावरात. उन्हात डोळे बारीक करून करून कडेला अशा रेघा पडल्या होत्या की मी रागात असली तरी हसल्यासारखी दिसायची. दिवाळीनंतर नागपूरला फ्रॅक्शनल सीओटू लेझर सुरू केलं, तीन सिटिंग, शेवटची फेब्रुवारीत, आता ऑगस्ट चालू आहे.

तासभर सुन्न करायची क्रीम, डोळ्यांवर धातूच्या वाट्या, मग फोडणी अंगावर उडावी तसे चटके. या लेझरचा प्रकाश 10,600 नॅनोमीटरचा, कातडीतलं पाणी तो शोषतं अन् बारीक ठिपके जळतात, मधली कातडी शाबूत राहते म्हणून जखम लवकर भरते. पाच-सहा दिवस पॉलिश पेपरसारखं खरखरीत. सासूबाई म्हणे, "काऊन वं, चुलीत तोंड घातलं होतं का?"

दुसऱ्या सिटिंगनंतर चूक माझीच. वेचणीला बाया मिळेना म्हणून दहाव्या दिवशी वावरात गेली, दुपट्टा बांधला पण सनस्क्रीन नाही, डाव्या डोळ्याजवळ काळा डाग आला तो तीन महिने गेला नाही. सावळ्या कातडीत हा धोका जास्त, डॉक्टरनी म्हणूनच पॉवर कमी ठेवली होती.

आता फायद्याचं. मी तर सगळ्यांना सांगत होती की 24 हजार पाण्यात गेले. कोलेजन बनायला तीन ते सहा महिने लागतात अन् रोज आरशात पाहिलं तर फरक कसा कळणार. पण नागपूरच्या दवाखान्यात सुरुवातीलाच फेस-क्यू नावाचा फॉर्म भरून घेतला होता, रेघांचा तुम्हाला किती त्रास वाटतो असे प्रश्न, मार्क 0 ते 100, जास्त म्हणजे चांगलं. तेव्हा माझे 34. आता जुना न दाखवता पुन्हा भरायला दिला तर 58! मग जुना पाहिला, रेघांमुळे वय जास्त दिसतं याच्यापुढे मी "खूप"वर खूण केलेली, अन् ते मी साफ विसरली होती. फोटोंवर माझा एवढा भरवसा नाही, पहिला ट्यूबलाइटमध्ये, दुसरा खिडकीच्या उजेडात. आणि तीन महिने डाग घेऊन शाळेत फिरली त्याला मला दिलेल्या फॉर्मात रकानाच नव्हता.

हसताना मात्र रेघा पडतातच, ते स्नायूंचं काम, त्याला स्नायू ढिले करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन लागतं अन् तेही तीन-चार महिन्यांत उतरतं, म्हणून घेतलं नाही. चौथ्या सिटिंगचं विचारत होते, मी म्हटलं यंदाचा कापूस घरी येऊ द्या, मग पाहू.