हम्फ्री मराठीत बोलतो तेव्हा

मुलगी सात वर्षांची. झोपताना रोज एक प्रकरण, तेही इंग्रजी पुस्तक समोर धरून मी तोंडी मराठी करत सांगायचं, असा आमचा रिवाज. बेटी बर्नी यांच्या हम्फ्री मालिकेनं मात्र मला घाम फोडला.

पहिलं पुस्तक २००४ चं, 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टू हम्फ्री'. हम्फ्री हा लाँगफेलो शाळेत २६ नंबरच्या वर्गात राहणारा हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. त्याला हौसेनं आणणाऱ्या बदली बाई ब्राझीलला निघून जातात आणि रजेवरून परतलेल्या मिसेस ब्रिसबेनना तो डोळ्यासमोर नको असतो. शनिवार-रविवारी त्याचा मुक्काम कुणाच्या ना कुणाच्या घरी. पिंजऱ्याचं कुलूप धड लागत नाही, हे गुपित फक्त त्यालाच ठाऊक!

गंमत आहे ती नावांची. बाई ज्याला सारखं जे बजावतात, ते हम्फ्रीला त्याचं नावच वाटतं. मी केलं 'मोठ्यानं-बोल सायेह', 'हळू-बोल एजे', 'हात-वर-कर हायडी'. चौथ्या रात्री माझंही बारसं झालं: 'थांब-जरा बाबा'. शिवाय हा पठ्ठ्या एकच शब्द तीनदा म्हणतो. आपण मराठीत दोनदा तर उठता-बसता म्हणतो, हळूहळू, गरम गरम. तिसऱ्यांदा म्हटलं की हम्फ्री झाला, एवढं सोपं निघालं ते.

मला सगळ्यात आवडला आल्डो, रात्री शाळा झाडायला येणारा. सगळी शाळा रिकामी, आणि हा पिंजऱ्यासमोर बसून जेवता जेवता हम्फ्रीशी गप्पा मारतो. ते पान मी सावकाश वाचलं.

पुढची पुस्तकं सलग वाचली तर साचा दिसायला लागतो: कुणाची तरी अडचण, हम्फ्री गुपचूप पिंजऱ्याबाहेर, सगळं गोड. आणि एक सांगून ठेवतो, खरा हॅमस्टर रात्रीचा प्राणी. तो दिवसभर झोपतो, दर आठवड्याला नवं घर त्याला मुळीच मानवणार नाही, आणि जगतो दोन-तीन वर्षं. 'आपण आणूया ना' हा हट्ट येणारच, उत्तर तयार ठेवा. आमच्याकडे तो तिसऱ्याच रात्री आला.

दुसऱ्या पुस्तकात ऑग नावाचा बेडूक येतो. तो फक्त 'बॉइंग' म्हणतो. त्याचं मराठी करावं लागलं नाही.