फारकत घेताना: गावची बैठक, कोर्टाची मध्यस्थी की केस लढणं?

संसार मोडायला आला की आपल्या भागात आधी बसते ती गावची बैठक. दोन्हीकडचे मामा, सरपंच, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. खर्च नाही, निकाल एका दिवसात. पण त्या बैठकीत बाईचं म्हणणं किती वेळा पुरतं ऐकलं जातं? शिवाय स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या फारकतीनं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. समाजाची तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच तिला अर्थ. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करू नका.

केस लढली तर निकाल पक्का मिळतो, पण तारखांना वर्षं जातात आणि ऐन वेचणीत मजुरी बुडते.

कोर्टाच्या मध्यस्थीत मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांशी वेगवेगळंही बोलतो, आणि तिथं बोललेलं पुढं केसमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाही. माझ्या मते मध्यस्थीचा खरा फायदा पैशाच्या बोलणीत आहे. कोर्ट पोटगी लावतं ती सहसा महिन्याची. कास्तकाराच्या हातात पैसा येतो सोयाबीन, कापूस विकल्यावर. मग पोटगी थकते, वसुलीचा अर्ज होतो, पुन्हा तारखा. मध्यस्थीत ठरवता येतं की एक हप्ता दिवाळीनंतर सोयाबीनचा, दुसरा संक्रांतीनंतर कापसाचा, लेकरांच्या शाळेचा खर्च वेगळा. बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढून नवऱ्याच्या वावरात बियाणं-खत टाकलं असेल, तर ते कोण फेडणार हेही तिथंच लिहून घ्या. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल आणि जमिनीबद्दल काही ठरत असेल, तर सासऱ्याची सही हवीच.

मारहाण होत असेल, तर मात्र मध्यस्थीला घाई नको. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून बाई मोकळेपणानं मागणी करू शकत नाही. आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

नवरा नुसता वेळ काढेल अशी शंका असेल, तर पोटगीचा अर्ज आधी टाका आणि मग बोलणीला बसा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं आहे. बोलणी लांबली तरी ते महिने बुडत नाहीत.

दोघांचं जमलं तर संमतीनं घटस्फोट मागता येतो. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं; तसा निकाल 2017 चा आहे.

वकिलाच्या पैशासाठी अडू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारा किंवा 15100 वर फोन करा. तडजोडीच्या कागदात रक्कम, तारीख, बँक खातं आणि हप्ता चुकला तर काय, यातलं एक जरी नसेल तर सही करू नका. सही झाल्यावर तो कागद न्यायाधीशांसमोर ठेवून त्यावर हुकूम घ्या.