सेंट्रल पार्कची पानगळ उत्तरेकडून पाहावी

न्यूयॉर्कची पानगळ पाहायला आलेले बहुतेक पाहुणे ५९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यातून सेंट्रल पार्कमध्ये शिरतात, बो ब्रिजवर छायाचित्रे काढतात आणि तासा-दोन तासांत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या दुकानांकडे वळतात. उद्यान चार किलोमीटर लांब आणि जेमतेम आठशे मीटर रुंद आहे. त्याचा उत्तरेकडचा भाग, जो माझ्या मते रंगांच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत आहे, अशा भेटीत पाहायचाच राहून जातो. म्हणून ही फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे करावी आणि शक्य असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तिकिटे काढताना बहुतेकांच्या मनात ऑक्टोबर असतो. दिवस लहान होऊ लागले की पानांतले हरितद्रव्य विरत जाते आणि आधीपासूनच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांचा लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि लख्ख ऊन व गोठणबिंदूच्या थोड्या वर राहणाऱ्या थंड रात्री लागोपाठ मिळाल्या तर तो अधिक गडद उतरतो. शहराच्या उबेमुळे मॅनहॅटनमध्ये हे सारे उत्तरेकडच्या डोंगरांपेक्षा उशिरा घडते; तिकडे रंग भरात असतात तेव्हा इकडचे एल्म अजून बरेचसे हिरवे असतात. ओक तर सर्वांत शेवटी रंगतात आणि त्यांची तांबूस पाने नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत टिकतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी दहा-अकराच्या सुमारास चालायला सुरुवात केलेली बरी.

न्यू जर्सीहून पेन स्टेशनला उतरणाऱ्यांना तिथूनच सी मार्गाची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, मिळते आणि ती १०३ व्या रस्त्यावर थेट उद्यानाच्या पश्चिम कडेला आणून सोडते. आत शिरताच ‘द पूल’ नावाचे तळे लागते. काठावर विलो आहेत, मेपल आहेत आणि स्वीटगम आहे, ज्याचे पाचकोनी, चांदणीसारखे पान हातात घेऊन पाहण्याजोगे असते, कारण एकाच फांदीवर पिवळे, केशरी आणि जवळजवळ जांभळे अशी तिन्ही प्रकारची पाने शेजारी शेजारी सापडतात. वारा नसेल तर हे सगळे रंग तळ्याच्या पाण्यात दुसऱ्यांदा दिसतात. हे तळे मुळात एका नैसर्गिक ओढ्यावर बांध घालून केलेले आहे, पण आज त्यात शहराच्या पाणीपुरवठ्याचे पाणी येते आणि त्याची नळवाहिनी दगडांच्या आड अशी लपवली आहे की सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ च्या स्पर्धेत जिंकलेल्या आराखड्याचे सारे कसब मला इथे दिसते. उद्यानातील पाणी, टेकाडे आणि वळणे यांपैकी फार थोडे आपोआप घडलेले आहे.

तळ्याच्या पूर्वेकडचा छोटा धबधबा ओलांडून ग्लेन स्पॅन कमानीखालून पुढे गेले की रॅव्हिन, म्हणजे उद्यानाच्या उत्तर भागातली घळ, सुरू होते. वाहनांचा आवाज इथे जवळपास थांबतो. दोन्ही बाजूंना उतारावर ओक आणि मेपल दाटलेले आहेत, खाली ओढा वाहतो आणि पडलेली खोडे मुद्दाम तशीच ठेवलेली आहेत, कारण त्यांवर कीटक आणि बुरशी जगतात. घळीच्या टोकाशी हडलस्टोन कमान आहे. प्रचंड शिळा एकमेकींवर रचून, चुना किंवा सिमेंट न वापरता, केवळ वजनाच्या आधारावर ती १८६६ पासून उभी आहे आणि तिच्यावरून उद्यानाचा पूर्वेकडचा रस्ता जातो. कमानीखाली क्षणभर थांबून वर पाहावे. सांध्यांत दगडाला दगड भिडलेला दिसतो, मध्ये काहीच नाही. कमानीपलीकडे १९६६ मध्ये बांधलेल्या लास्कर रिंक या स्केटिंगच्या वास्तूने ओढ्याची आणि हार्लेम मीअर या तलावाची ताटातूट केली होती. ती वास्तू पाडून २०२५ मध्ये डेव्हिस सेंटर हे नवे क्रीडाकेंद्र सुरू झाले आणि ओढा पुन्हा उघड्यावर तलावाला मिळाला. या भागाला मी पूर्ण गुण देतो. स्वच्छतागृहही इथे आहे, ते काम इथेच उरकून घ्यावे.

तलावाच्या दक्षिणेला, १०५ व्या रस्त्यावर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने, कॉन्झर्व्हेटरी गार्डन आहे. सुमारे सहा एकरांची ही बाग उद्यानातली एकमेव आखीवरेखीव बाग असून तिच्या उत्तर भागात पानगळीच्या दिवसांत शेवंती फुलते. झाडांवरचे रंग पाहून आल्यावर जमिनीलगतचा हा शेवंतीचा बहर विशेष भावतो. मात्र तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ऐन भरात असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ओसरू लागतो.

तिथून जलाशयाकडे जावे. १०६ एकरांचा हा जलाशय १९९३ पर्यंत शहराच्या पाणीपुरवठ्यात होता. आता त्याला जॅकलीन केनेडी ओनॅसिस यांचे नाव आहे आणि त्याभोवती अडीच किलोमीटरची पायवाट आहे. या वाटेवर सर्वांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जायचे असते आणि धावणारे लोक तो नियम काटेकोरपणे पाळतात. सुदैवाने उत्तरेकडून येणाऱ्याला त्याच दिशेने पश्चिम काठाला लागता येते, आणि दुपारचे ऊन पलीकडच्या पूर्व काठावर पडलेले असल्यामुळे रंगांचा पट्टा आणि त्यामागच्या इमारती पाण्यापलीकडे एकत्र दिसतात.

जलाशय संपता संपता पश्चिमेला सेनेका व्हिलेजची जागा लागते. १८२५ पासून इथे मुख्यतः कृष्णवर्णीय मालकांची वस्ती होती. घरे होती, चर्च होती, शाळा होती. उद्यानासाठी १८५७ मध्ये ही जमीन सरकारने ताब्यात घेतली आणि सुमारे सव्वादोनशे रहिवाशांना घरे सोडावी लागली. आज तिथे माहितीफलक आहेत. ते वाचण्यासाठी दहा मिनिटे जरूर द्यावीत, कारण ज्या झाडांखालून आपण चालतो ती जमीन कोणाची होती हे ठाऊक असलेच पाहिजे.

पुढे बेल्व्हेडिअर कॅसलवरून उतरून रॅम्बलमध्ये शिरावे. या दाट, नागमोडी भागात वाट चुकणे अगदी सहज घडते, पण दिव्याच्या प्रत्येक खांबावर चार अंकी क्रमांक असतो, त्यातले पहिले दोन अंक जवळच्या रस्त्याचे असतात आणि शेवटचा अंक सम असेल तर आपण पूर्वेकडे, विषम असेल तर पश्चिमेकडे असतो. नोव्हेंबरमध्ये येणाऱ्याचे एक नुकसान मात्र इथे होते. ज्या टुपेलो वृक्षामुळे इथल्या एका कुरणाला नाव मिळाले आहे तो लवकर लाल होतो आणि तोवर त्याची बरीच पाने गळालेली असतात.

बो ब्रिजविषयी थोडक्यात सांगतो. १८६२ चा ओतीव लोखंडाचा पूल सुंदर आहे, त्यामागे दिसणारे सॅन रेमो या निवासी इमारतीचे जुळे मनोरे सुंदर आहेत. पण शनिवार-रविवारी दुपारी पुलावर निवांत उभे राहायला जागा मिळत नाही आणि लग्नाची छायाचित्रे काढणारे गट वाट अडवून धरतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी हाच पूल मोकळा मिळतो. त्याच्या दक्षिणेचा मॉल, म्हणजे झाडांच्या रांगांमधला रुंद पादचारी रस्ता, मात्र गर्दीतही निराश करत नाही. दोन्ही बाजूंचे अमेरिकन एल्म डोक्यावर फांद्या गुंफून उभे असतात आणि ऊन पानांतून गाळून आल्याने खालचा रस्ताच पिवळसर दिसतो. डच एल्म रोगाने अमेरिकेतल्या बहुसंख्य शहरांतले एल्म संपवले. इथली रांग टिकली ती दरवर्षीच्या तपासणीमुळे आणि रोगट फांद्या वेळीच कापल्यामुळे. १९८० मध्ये स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था उद्यानाची देखभाल पाहते आणि ही देखभाल उत्तम आहे, हे प्रत्येक वळणावर जाणवते.

प्रवेशाला पैसे लागत नाहीत. या वाटेसाठी वाटाड्याचीही मला गरज वाटत नाही. तीनचाकी पेडिकॅबचे भाडे मिनिटांवर आकारले जाते, तेव्हा बसण्याआधी दरपत्रक पाहून घ्यावे. सगळी फेरी वळणांसह सात किलोमीटरच्या आसपास भरते आणि थांबत थांबत चार तास सहज लागतात. घळीतली वाट उंचसखल आहे आणि पावसानंतर ओल्या पानांवरून पाय घसरतो. गुडघेदुखी असलेल्यांनी ती वगळून द पूलचा काठ, जलाशयाची सपाट पायवाट आणि मॉल एवढेच करावे. ज्यांच्याकडे तासच असेल त्यांनी द पूलपासून हार्लेम मीअरपर्यंत चालावे आणि ११० व्या रस्त्यावरून दोन किंवा तीन क्रमांकाची सबवे धरून परतावे.