कार्बोरेटर रिपेअर किट: रबरं मस्त, जेट फालतू (५ पैकी ३ स्टार)

किट अगदीच टाकाऊ नाहीये, पण ज्या पार्टसाठी मी ते घेतलं तोच नेमका गंडलेला निघाला, म्हणून दोन स्टार कापले.

गाडी म्हणजे जुनी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी), टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन मिकुनी व्हीएम ३४ कार्ब, म्हणजे कार्बोरेटर. उन्हाळाभर झाकून ठेवलेली आणि टाकीत पेट्रोल तसंच, माझाच आळस. बर्फ पडल्यावर दोरी ओढली तर सुरू झाली पण चालायची फक्त अर्ध्या चोकवर, चोक बंद केला की भक् करून मेली. रेस देऊन पळवली तर काही तक्रार नाही, थ्रॉटल सोडला की संपलं. असं झालं की आधी पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं बघायचं, कारण आयडलला (थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना) स्लाइड, म्हणजे थ्रॉटलने वर उचलली जाणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असते आणि इंजिन त्या एका बारक्या भोकावर जगत असतं. मी मात्र आधी दोन दिवस आयडल स्क्रूच पिळत बसलो, त्याने होतं काय की स्लाइड वर उचलली जाते आणि दुखणं झाकलं जातं, वर रेस फार वाढली की क्लच पकडतो आणि गाडी आपली आपण पुढे सरकते!

शेवटी हे किट मागवलं, दोन कार्बना दोन. ब्रँडचं नाव घेत नाही, तसंही पाकिटावर धड काही लिहिलेलं नव्हतं.

बाउल, म्हणजे कार्बच्या खालच्या पेट्रोलच्या वाट्या खोलल्या तर तळाला हिरवट चिकट थर, वास जुन्या वॉर्निशसारखा. पायलट जेट काढून उजेडाकडे धरले, एकातून सुईच्या टोकाएवढा गोल ठिपका दिसला, दुसऱ्यातून ठार अंधार.

आता किटमधलं चांगलं काय, तर बाउलचं गॅस्केट आणि ओ रिंग एकदम फिट बसल्या, नीडल आणि सीटपण (बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई आणि तिची बैठक) मस्त. माझ्या जुन्या नीडलच्या टोकावर सीटची रिंग उमटली होती आणि पेट्रोल ओव्हरफ्लो व्हायचं ते लगेच थांबलं. फक्त नीडल बदलली की फ्लोटची (ती नीडल उचलणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) उंची परत बघावी लागते, त्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही.

जेटची गंमत बघा. दोन्हीवर नंबर सेमच, बसवले, आणि डावा सिलिंडर आयडलला मरतुकडा. म्हटलं आपलंच काहीतरी चुकलं, परत साफ केलं, हवा मारली, तेच. मग दोन्ही जेट आपसात बदलले तर मरतुकडेपणा उजवीकडे गेला! भिंगातून बघितलं तर एकाच्या भोकाला आतून कडा राहिलेली, ड्रिल नीट झालेलंच नाही. शेवटी जुनेच ओरिजिनल जेट क्लीनरमध्ये भिजवून, गिटारच्या सगळ्यात बारीक तारेने हलक्या हाताने मोकळे केले आणि तेच लावले. दोन्ही स्लाइडखाली एकाच ड्रिल बिटचा दांडा घालून उंची सारखी केली, एअर स्क्रू दीड फेरा बाहेर. ह्या कार्बला तो स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो म्हणजे हवेचा आहे, आत घेतला की मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, मी आधी उलटंच फिरवत होतो.

तरी एक दुखणं उरलंच, थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायलाच वेळ घ्यायची. इंजिन थंड असताना आयडलवर कार्ब आणि इंजिनच्या मधल्या रबरावर थोडा क्लीनर मारला तर आवाज लगेच बदलला, म्हणजे तिथून हवा खेचतंय. रबर काढून वाकवलं तेव्हा कुठे चीर दिसली, एरवी वरून ठणठणीत. टू स्ट्रोकला ही हवा महागात पडते, लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर चालून पिस्टन चिकटतो. हे रबर किटमध्ये येत नाही, त्याचा दोष मी देणार नाही, पण मग विकणाऱ्याने 'आयडलिंगच्या सगळ्या तक्रारी बंद' असं कशाला लिहायचं?

नवीन रबर वेगळं आणून लावलं. आता गरम झाल्यावर चोकशिवाय १७०० च्या आसपास उभी राहते आणि थ्रॉटल सोडला की लगेच खाली येते. नीडल आणि गॅस्केटसाठी किट परत घेईन, त्यातले जेट मात्र पाकिटातच पडून राहणार.