वलयं नाहीत म्हणून ते हाड ठरत नाही

डायनासोरचं हाड म्हणून मी विकत घेतलेली चकती ताडवर्गातल्या झाडाचं अश्मीभूत खोड निघाली. विकणाऱ्याने मला ज्या एका मुद्द्यावर गुंडाळलं, तो ऐकायला अगदी बिनतोड वाटतो, म्हणून आधी तोच सांगतो. तो म्हणाला, "लाकडाला वलयं असतात. यात एक तरी वलय दाखवा. सगळी छिद्रंच आहेत, म्हणजे हा हाडाच्या आतला सच्छिद्र भाग."

मी भिंगातून पाहिलं. चकाकी दिलेल्या तपकिरी पृष्ठभागावर शेकडो गोल ठिपके होते आणि वलय खरंच एकही नव्हतं. सोबत छापील प्रमाणपत्र होतं: 'जुरासिक काळ, १५ कोटी वर्षं'. मी पैसे दिले.

ताड, माड, खजूर या झाडांना वलयं नसतातच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ही एकदल झाडं. दरवर्षी नवा थर चढून त्यांचं खोड जाड होत नाही. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात. खोड आडवं कापलं की प्रत्येक जुडीचा एक ठिपका दिसतो. उभं कापलं, तर त्याच जुड्या लांब दोऱ्यांसारख्या शेजारी शेजारी धावताना दिसतात.

माझ्या चकतीची कड काळ्या लेपाने मढवलेली होती. ती शोभेसाठी असेल असं मी धरून चाललो. भूविज्ञान शिकलेल्या एका मित्राने तो लेप खरवडला आणि खालून सरळ, समांतर दोरे बाहेर आले. आजही मला सर्वांत जास्त राग त्या लेपाचा येतो.

त्यानेच मग खऱ्या हाडाचा एक तुकडा शेजारी ठेवून दहापट भिंग माझ्या हातात दिलं. हाडात भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात, जाळ्यासारख्या, आणि मधल्या पोकळ्यांत बहुधा गारगोटीसारखं खनिज भरलेलं असतं. पोकळ्यांचे आकार वेडेवाकडे, लहानमोठे. बाहेरच्या बाजूला घट्ट, दाट थर असेल तर फारच उत्तम. माझ्या चकतीत उलट होतं: ठिपके भरीव, एकमेकांना न चिकटलेले, बेटांसारखे सुटे. ठिपका भरीव आहे की पोकळी आहे, एवढा एक प्रश्न मी आधी विचारला असता तर फसलो नसतो.

जिभेला चिकटलं तर हाड, ही परीक्षाही पुष्कळ जण सांगतात. सच्छिद्र राहिलेलं हाड चिकटतं हे खरं, पण खनिजाने पूर्ण भरलेलं आणि चकाकी दिलेलं हाड चिकटत नाही, आणि कोरडी माती मात्र चिकटते. तिच्यावर निर्णय सोडू नका.

प्रमाणपत्रावरची तारीखही वस्तूशी जुळत नव्हती. ताडवर्गाचे खात्रीचे जीवाश्म जुरासिकनंतरच्या क्रिटेशस काळापासून मिळतात.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने वस्तू 'तपासून घेतलेली' असल्याचं कळवलं आणि उत्तर देणं बंद केलं. तुम्हाला अशी चकती कुणी दाखवली तर पैसे देण्याआधी कडेचा, लेप नसलेला फोटो मागा. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत आडवा छेदच होता. कड एकाही फोटोत नव्हती.